हजाराव्या मागणीनंतर

१

साहेबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं त्याला चार महिने झाले होते. डाव्या हातात जी काही ताकद उरली होती, तिने पाण्याचा पेला तोंडापर्यंत नेईस्तोवर अर्धं पाणी छातीवर सांडायचं. त्याच हाताने मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी त्यांनी टेबलावरचं पितळी पेपरवेट उचललं आणि समोरच्या फोटोफ्रेमवर भिरकावलं.

काच तडकली. एक तुकडा उडून त्यांच्याच तळहातात रुतला. सात टाके पडले.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला दुरुस्तीवाली त्या घराच्या पायऱ्या चढली, तेव्हा फ्रेम तशीच भिंतीवर होती. फ्रेम बनवणाऱ्या कंपनीत ती नऊ वर्षं होती. त्याआधी टेलिफोनच्या कचेरीत होती. सेहेचाळीस वर्षांची, चष्म्याला दोरी, खांद्याला अवजारांची पिशवी. घरोघरचे लोक तिला ‘दुरुस्तीवाल्या ताई’ म्हणत आणि आपलं खरं दुखणं सोडून बाकी सगळं सांगत. ते खरं दुखणं मग ती यंत्रातून काढून घ्यायची.

“हे बघा तुमच्या कंपनीचे प्रताप!” मुलाने दारातच तोफ डागली. छत्तीस वर्षांचा, कॉम्प्युटरवाला, रजा टाकून घरी थांबलेला. “एकोणीस दिवस हेच चाललंय. दुपारी चारपर्यंत फ्रेम नीट चालते. नातवंडं, सहली, लग्नं, सगळे फोटो येतात. चार वाजले की अडकते. रात्री नऊला बंद होईपर्यंत एकच फोटो. आणि तो फोटो दिसला की बाबा रडायला लागतात!”

फुटक्या काचेआड पडदा अजून जिवंत होता, पण कालच्याच फोटोवर गोठला होता. तडा नेमका मधून गेला होता. दुरुस्तीवालीने चष्मा लावला. कारखान्याचा निळा गणवेश, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, काखेत एक जाड रजिस्टर. पंचविशीतला एक तरुण कॅमेऱ्याकडे बघून मनापासून हसत होता. त्याच्या मागे एक लोखंडी दार होतं.

“कोण हा?”

“मला काय माहीत! बाबांच्या जुन्या कारखान्यातला कुणीतरी असेल.”

खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसलेल्या साहेबांनी मान वळवली. आजारपणानंतर जिभेवर उरलेला एकुलता एक शब्द त्यांनी उच्चारला.

“दार.”

मुलाने निमूटपणे उठून खोलीचं दार लावून घेतलं. साहेबांनी डोळे मिटले आणि मान हलवली. नाही. ते नव्हतं सांगायचं.

२

दुरुस्तीवालीने आपला लॅपटॉप उघडला. घरातली सगळी माणसं तोवर गोळा झाली होती, म्हणून तिने सगळ्यांनाच समजावून सांगितलं.

“या फ्रेममध्ये फोटो नसतात. ते आमच्या कंपनीच्या साठवणीत असतात, लांब. फ्रेम दर दोन मिनिटांनी तिथे मागणी करते, ‘पुढचा फोटो द्या.’ तुमच्या घरासाठी आम्ही एक चावी दिलीय, आकड्या-अक्षरांची. ती दाखवली की फोटो मिळतो. पण एका चावीवर दिवसाला हजारच मागण्या. पहाटे पाचला मोजणी नव्याने सुरू होते. हजार संपल्या की साठवणीचं दार बंद. हातात चावी असून उपयोग नाही.”

“दार!” साहेब खुर्चीतून अर्धवट उठले. टाके घातलेला हात हवेत आला. एका संस्थेमार्फत शुश्रूषेला ठेवलेला तिशीतला तरुण त्यांना सावरायला धावला. त्याला घरात सगळे ‘ब्रदर’ म्हणत.

दुरुस्तीवालीची नजर मात्र दुसरीकडे होती. साहेबांची बायको, घरात सगळ्यांची ‘आई’, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. अडुसष्ट वर्षांची, सडपातळ, बोलायला अगदी कमी. हातातली वाटी ती पदराने पुसत होती. ‘चावी’ हा शब्द ऐकला तसा तिचा हात थांबला होता. नवरा खुर्चीतून पडता पडता वाचला, तरी ती जागची हलली नाही.

“आता हिशेब बघा,” दुरुस्तीवाली म्हणाली. “तासाला तीस मागण्या. सकाळी सात ते रात्री नऊ, चौदा तास. चारशे वीस. निम्म्यासुद्धा संपायला नकोत. चारला हजार कशा संपतात?”

“म्हणजे तुमची फ्रेम खादाड आहे,” मुलगा म्हणाला.

“फ्रेम बिचारी इमानदार आहे. सात ते एक, सहा तास, बरोबर एकशेऐंशी. रोजच्या रोज. एकनंतर मात्र दुसरंच कुणीतरी याच चावीवर फोटो मागायला लागतं. चार वाजेपर्यंत फ्रेमच्या आणखी नव्वद. मग उरलेल्या सातशेतीस कुणाच्या?”

“आणि हजार संपल्या की फ्रेम कुठला फोटो दाखवते? अल्बमच्या मुखपृष्ठावर जो ठेवलाय तो. एकोणीस दिवसांपूर्वीपर्यंत तिथे तुमच्या मुलीचा वाढदिवस होता. त्या दिवशी कुणीतरी तो बदलून हा ठेवला. या घराच्याच वायफायवरून.”

सुनेने तोंडावर हात ठेवला. मुलाच्या कपाळावरची शीर ताठ झाली. तो फ्रेमकडे बघत नव्हता, दुरुस्तीवालीकडेही नाही. तो ब्रदरकडे बघत होता.

“तुझे वडील कुठल्या कारखान्यात होते रे?” त्याने हळूच विचारलं. “एकदा तूच म्हणाला होतास.”

ब्रदरचा चेहरा पांढराफटक पडला.

“साहेबांच्याच,” तो म्हणाला.

३

एकतीस वर्षांपूर्वी त्या कारखान्याच्या गोदामाला आग लागली होती. पाच माणसं आत अडकून गेली. मागचं दार बाहेरून कुलूपबंद होतं. चौकशी झाली. त्या दाराची चावी भांडारपालाच्या ताब्यात असायची, त्याने हलगर्जीपणा केला आणि त्या पाचांत तोही मेला, असं त्या वेळचे व्यवस्थापक, म्हणजे साहेब, शपथेवर म्हणाले. कारखाना बंद पडला. ब्रदरचे वडील इतर तीनशे जणांबरोबर घरी बसले आणि पुन्हा कधी कामाला लागले नाहीत.

“एवढं कारण पुरे नाही?” मुलगा दातओठ खात म्हणाला. “बापाचं उट्टं काढायला आला हा आमच्या घरात. लकवा झालेल्या माणसाला छळतो! संध्याकाळी सहाला याच्या संस्थेचा व्यवस्थापक येतोय. त्याच्या देखत पोलिसांत देतो की नाही बघा.”

“मला सहापर्यंत वेळ द्या,” दुरुस्तीवाली म्हणाली.

“कशाला? चोर सापडला.”

“चोर नुसता सापडून चालत नाही. तो चोर असावाही लागतो.”

आठ वर्षांपूर्वी एका मोठ्या साहेबाची चूक कंपनीने तिच्या गळ्यात मारली होती. ती निस्तरायला तिला दोन वर्षं लागली होती. त्या दोन वर्षांतली एकेक नजर तिला पाठ होती. मुलाच्या डोळ्यांत आता तीच नजर होती.

तिने ब्रदरला व्हरांड्यात नेलं. तो कठड्याला टेकला आणि रुमालाने मान पुसत राहिला.

“ताई, गणवेश मी पहिल्याच दिवशी ओळखला. बाबांचाही तसाच होता, अजून ट्रंकेत आहे. पण फोटोतला माणूस कोण, देवाशपथ माहीत नाही. साहेबांवर राग होता म्हणाल तर होता. इथे आलो तेव्हा घर कुणाचं ते ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हा वाटलं, सोडावं काम. मग त्यांना आंघोळ घातली. ज्याला आपण आंघोळ घालतो ना ताई, त्याचा राग धरून ठेवता येत नाही. हातातून निसटतो.”

“दुपारी तू कुठे असतोस?”

“त्यांच्याजवळच. पावणेतीन ते तीन मी मागे जाऊन डबा खातो. त्या वेळात आई त्यांना सूप पाजतात. तेवढं एक काम त्या कुणाला करू देत नाहीत.”

“एकोणीस दिवसांत एकदा तरी फ्रेम चारनंतर नीट चालली का?”

ब्रदरने आठवून पाहिलं. “चालली! मागच्या गुरुवारी. रात्री नऊपर्यंत मस्त फोटो येत होते. साहेब तर दोनदा हसले. मी दिवसभर इथेच होतो.”

दुरुस्तीवालीने लॅपटॉप गुडघ्यावर घेतला आणि गुरुवारची नोंद काढली. चारशे वीस मागण्या. एकही जास्त नाही.

मग तिने बाकीचे दिवस एकाखाली एक लावले आणि बराच वेळ नुसती बघत बसली. रोज दुपारी, दोन चाळीस ते तीन, वीस मिनिटं ती परकी मागणी पूर्ण थांबत होती.

४

सून शाळेच्या ग्रंथालयात काम करायची. आज रजा होती, तिने बैठकीच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत घालत उत्तरं दिली.

“मी सकाळी साडेदहाला जाते ती पाचला येते. हेही ऑफिसात. घरात आई, बाबा आणि ब्रदर.”

“मागच्या गुरुवारी?”

“गुरुवारी मी अर्धा दिवस रजा घेतली होती. आईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. थेंब घालून बाहुल्या मोठ्या करतात ना, त्यामुळे संध्याकाळपर्यंत त्यांना धड दिसत नव्हतं. जिन्यावर माझा हात धरून चढल्या.”

“मर्यादेबद्दल घरात कुणाकुणाला माहीत होतं?”

“मला आणि आईंना. फ्रेम लावायला तुमचा माणूस आला तेव्हा हे ऑफिसात होते. त्यानेच बजावलं होतं, टॅबलेटवर उगाच फार फोटो उघडत बसू नका, हजार संपले की फ्रेम वरचा एकच फोटो धरून बसेल म्हणून. तो टॅबलेट माझ्या मुलीचा जुना. आता आईंकडे असतो. दुपारी मालिका बघतात त्यावर.” सून जराशी हसली. “आवाज मात्र कधी ऐकू येत नाही, असं ब्रदर म्हणतो. इतक्या हळू आवाजात बघतात.”

तिच्या हातातली घडी अर्धवट राहिली. बोलून गेल्यावर तिला काहीतरी उमगलं असावं. दुरुस्तीवालीने तिला पुढे काही विचारलं नाही.

मुलाने मात्र उलट दुरुस्तीवालीलाच धारेवर धरलं. “तुम्हाला माझा संशय येतोय? बाबांचं आणि माझं पटलं नाही कधी, हे जगजाहीर आहे. माझी चित्रकला त्यांनी अडगळीत टाकली, मला कॉम्प्युटरला बसवलं. पण म्हणून मी हे करेन?”

“करायचं असतं तर कसं केलं असतं?”

“चार ओळींचा प्रोग्राम. ऑफिसात बसून. दोन मिनिटांत हजार मागण्या उडवल्या असत्या. तीन तास कोण घालवतो?”

“अगदी बरोबर,” दुरुस्तीवाली म्हणाली. त्याला ते कौतुक वाटलं की टोमणा, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

चार वाजायला पाच मिनिटं असताना ती स्वयंपाकघरात गेली. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. चहाच्या डब्यांशेजारी टॅबलेट चार्जिंगला लावलेला होता. दुरुस्तीवालीने सहज म्हणून त्याच्यावर तळवा ठेवला. तो तापलेला होता.

“आज फ्रेम फुटलीय, तरीही?” तिने हलकेच विचारलं.

आईने गॅस बंद केला. वळून पाहिलं नाही. “मालिका बघत होते.”

“फोटोतला तो माणूस कोण असेल हो?”

“फोटो आहे. फोटोत माणूस असायचाच.”

“त्याला कुणीतरी रोज चाळीस-चाळीस वेळा उघडून बघतंय. बाकीचे फोटो दहा-बारा सेकंदांत सरकतात. हा आला की मिनिटभर सगळं थांबतं.”

आईचे खांदे एकदाच वर झाले आणि खाली आले. तेवढ्यात बाहेर घंटी वाजली. संस्थेचा व्यवस्थापक सहाऐवजी चारलाच येऊन ठेपला होता.

५

साहेबांच्या खोलीत सगळे जमले. मुलाने ब्रदरला भिंतीशी उभं केलं होतं. व्यवस्थापक घाम पुसत मुलाला म्हणाला, “साहेब, संस्थेच्या नावाला बट्टा नको. याला आत्ताच्या आत्ता काढून टाकतो. पोलिसांचं तुम्ही बघा.”

“त्याआधी माझं ऐका,” दुरुस्तीवाली म्हणाली. ती सगळ्यांच्या मधे, साहेबांच्या खुर्चीजवळ उभी राहिली. साहेबांना सगळं समजतं, फक्त बोलता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून ती त्यांच्यासाठीही बोलत होती.

“हे काम यंत्राचं नाही. यंत्राच्या मागण्या घड्याळासारख्या पडतात. या मागण्या कधी आठ सेकंदांनी, कधी वीस. बोट दुखतं, डोळा चोळावासा वाटतो, फोटो आवडतो, तशा. कुणीतरी रोज स्वतःच्या बोटाने सातशेतीस फोटो उघडत होतं. तुमच्या मुलाने असा वेळ दवडला नसता. त्याच्याकडे चार ओळींचा उपाय होता. सूनबाई त्या वेळी शाळेत असतात.”

“उरला हा!” मुलगा म्हणाला.

“हा पावणेतीनला डबा खायला जातो, एकटा. लपूनछपून काही करायचं तर याच्यासाठी त्यासारखी वेळ नाही. पण नेमक्या त्याच वेळात मागण्या थांबतात. थांबतात, कारण करणाऱ्याचे हात तेव्हा दुसऱ्या कामात गुंतलेले असतात. आणि गुरुवारी हा दिवसभर घरात असताना एकही जादा मागणी झाली नाही. कारण करणाऱ्याला गुरुवारी...”

ती थांबली.

“गुरुवारी काय?” मुलगा म्हणाला.

दुरुस्तीवालीला पुढचं वाक्य माहीत होतं. ते दुसऱ्या कुणीतरी बोलावं अशी तिची इच्छा होती, आणि त्यासाठी ती लागेल तेवढा वेळ थांबायला तयार होती. भिंतीशी उभ्या ब्रदरचा श्वास खोलीभर ऐकू येत होता. मुलगा खिशातून फोन काढू लागला.

“पुरे झालं!” तो म्हणाला. “मी पोलिसांना...”

“ठेव तो फोन.”

उंबऱ्यातून आई आत आली. तिने पदर खोचलेला होता, भांडणाला उभ्या राहिलेल्या बाईसारखा.

“गुरुवारी मला दिसत नव्हतं,” ती म्हणाली. “थेंब घातले होते डोळ्यांत. सांगायला अडखळू नकोस गं बाई. एकावर बालंट आलं तेव्हा मी तोंडात गुळणी धरून बसले होते. हा दुसरा. याच्या वेळी नाही बसायची.”

६

“आई, तू?” मुलगा म्हणाला.

“हा तुझा मामा,” तिने फुटक्या फ्रेमकडे बोट केलं. “माझा धाकटा भाऊ. भांडारपाल होता. तू पाच वर्षांचा होतास, आठवणार नाही तुला. आगीनंतर याचा एक फोटो या घरात राहिला नाही. ह्यांनी ठेवू दिला नाही. म्हणाले, चार माणसांना मारणाऱ्याची आठवण कशाला? माझी आई भाजीला गेली तरी लोक वाट सोडून उभे राहायचे. दोन वर्षांत गेली ती. जाताना मला म्हणाली, पोरगं वेंधळं नव्हतं गं माझं. मी तिला काय सांगितलं असेल? मी म्हटलं, चूक होते माणसाच्या हातून.”

ती साहेबांच्या समोर जाऊन उभी राहिली.

“एकतीस वर्षं मीही तेच मानत आले. ह्यांना झटका आला, दवाखान्याचे कागद शोधायला मी ह्यांचं लोखंडी कपाट उघडलं. आतल्या चोरकप्प्यात एक चावी होती. दोऱ्याला पत्र्याचा बिल्ला, त्यावर कोरलेलं, ‘गोदाम, मागचं दार’. भांडारपालाबरोबर जळून गेली म्हणून शपथेवर सांगितलेली चावी! मी ती ह्यांच्या डोळ्यांसमोर धरली. विचारलं, हे काय? तेव्हा पहिल्यांदा हे बोलले. ‘दार.’ तुम्ही चार महिने दारं उघडताय, लावताय. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं कुठलं दार ते.”

साहेबांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. कुणी पुसलं नाही. ब्रदरचा हात सवयीने रुमालाकडे गेला आणि तिथेच थांबला.

“मग मला का नाही सांगितलंस?” मुलगा म्हणाला.

“सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? बाबा आजारी आहेत, म्हणाला असतास. झालं गेलं, म्हणाला असतास. आजारी माणसाला कोर्ट बोलवत नाही, लोक बोल लावत नाहीत. सुटलेच होते हे! सूप प्यायचं, नातवंडं बघायची, सगळ्यांची कीव घ्यायची आणि एक दिवस सुखाने डोळे मिटायचे. तसं मी होऊ देणार नव्हते. जुने फोटो माहेरच्या पेटीतून काढले, टॅबलेटवर चढवले. मुखपृष्ठावर ह्याला ठेवलं. नुसता तोच एक फोटो लावून दिला असता तर तू पहिल्याच दिवशी बदलला असतास. म्हणून यंत्राच्या माथी मारलं. यंत्राचा दोष म्हटला की कुणी पुढे विचारत नाही. मेलेल्या माणसाचं म्हटलं तरी विचारत नाही, हे ह्यांच्याकडूनच शिकले.”

“आणि चार वाजेपर्यंतचे बाकीचे फोटो?” दुरुस्तीवालीने विचारलं.

आईने तिच्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते.

“आधी गोड वाटायला हवं. सवय लागायला हवी. मग काढून घ्यायचं. बोट सुजायचं माझं संध्याकाळपर्यंत, पण रोज चारला मी उंबऱ्यात उभी राहायचे. ह्यांचा चेहरा बदलताना बघायला.”

सून रडायला लागली. व्यवस्थापक केव्हाच दाराबाहेर जाऊन उभा राहिला होता.

मुलगा खाली बसला, वडिलांच्या पायाशी. “बाबा, हे खरं आहे? चावी तुमच्याकडे होती?”

साहेबांची मान हलली. हो.

“दार बंद तुम्ही केलं होतं?”

हो.

“आग लागल्यावर तुम्ही कुठे होता?”

साहेबांचा डावा हात वर आला, टाक्यांसकट. पाचही बोटं पसरली, मिटली. पुन्हा पसरली.

“दहा,” आई म्हणाली. “दहा पावलांवर. चावी खिशात. लोखंड तापलं होतं, हे भ्याले. मी एकेक विचारत गेले होते, तेव्हाही असंच मानेनं, बोटांनी सांगितलं होतं.”

मुलगा उठला आणि ब्रदरसमोर जाऊन उभा राहिला. त्याला क्षमा मागायची होती, पण जिभेला वळण नव्हतं. ब्रदरनेच मान हलवली आणि साहेबांचा ओला शर्ट बदलायला घेतला.

“आई, आता बास ना?” मुलगा म्हणाला. “त्यांनी कबूल केलं. माफ करून टाक.”

“माफी माझ्याकडे शिल्लक नाही,” आई म्हणाली. “मला ह्यांची सही हवीय. पाच घरांत पत्र गेलं पाहिजे. कारखान्यांच्या त्या चौकशी कचेरीतही. तू लिही. आत्ता.”

त्याने लिहिलं. अर्धं पान झालं. सुनेने ते साहेबांना दोनदा वाचून दाखवलं. आईने पेन त्यांच्या डाव्या हातात दिलं आणि बोटं मिटून धरली, पण हात चालवला नाही. तो त्यांनाच चालवायचा होता. एका सहीला पाऊण तास लागला. टाक्यांतून रक्त येऊन कागदाच्या कोपऱ्याला डाग पडला. सुनेने नवा कागद आणू का विचारलं.

“नको,” आई म्हणाली. “आहे तोच पाठवा. झेरॉक्स बाकीच्यांना.”

७

तीन आठवड्यांनी दुरुस्तीवाली नवी फ्रेम घेऊन आली. कंपनीने बदलून दिली होती. चौकशी कचेरीने जुनं प्रकरण पुन्हा उघडल्याचं तिने वर्तमानपत्रात वाचलं होतं. चार ओळींची बातमी, पण भांडारपालावरचा ठपका पुसला गेला होता.

दार ब्रदरने उघडलं. त्याने बोट ओठांवर ठेवलं आणि तिला आत घेतलं.

खोलीत साहेबांच्या समोर एक परकी बाई बसली होती. साठीच्या पुढची, मांडीवर पिशवी, पायांत घासलेल्या चपला. लांबचा प्रवास करून आलेली दिसत होती. ती काही बोलत नव्हती, नुसती त्यांच्याकडे बघत होती. साहेबांना मान फिरवायला जागा नव्हती. खुर्ची भिंतीशी टेकवलेली होती.

“आगीत गेलेल्या एकाची बायको,” ब्रदर कुजबुजला. “आईंनी सगळ्यांना पत्रात कळवलंय, कधीही या म्हणून. ही तिसरी.”

दुरुस्तीवाली स्वयंपाकघरात गेली. “फ्रेम कुठे लावू?”

आई पाहुणीसाठी चहा गाळत होती. “परत ने,” ती म्हणाली. “आता माणसं येतात.”

तिने कप उचलला आणि खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेली. तिथेच उभी राहिली, कारण आत ती बाई बोलायला लागली होती.

“आतून हाका मारत होते,” बाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “तुम्ही दहा पावलांवर होता. ऐकू येत होत्या?”

साहेबांनी डोळे मिटले. बाई थांबली. त्यांनी डोळे उघडेपर्यंत ती थांबून राहिली.

मान खाली झाली. हो.

“कुणाच्या?” तिने विचारलं, आणि खुर्ची पुढे ओढून ती एकेक नाव घेऊ लागली. पहिलं नाव. साहेबांची मान हलली. दुसरं. तिसरं. चौथं तिच्या नवऱ्याचं होतं, ते घेताना तिचा आवाज चिरला, तरी तिने मान हलेपर्यंत वाट पाहिली.

उंबऱ्यात आईच्या हातातला चहा निवत चालला होता. ती पाचव्या नावाची वाट बघत होती.

बाईने मागे वळून तिच्याकडे पाहिलं, आणि ते नाव मोठ्याने घेतलं.

साहेबांची मान हलली. आईने चहा तिच्या हातात दिला आणि तिच्या शेजारी, नवऱ्यासमोर, पहिल्यांदाच खाली बसली.